समावेशनाचे दोन दिवस : वाशीतील एका प्रशिक्षणाविषयी

युवकांना मानसिक आरोग्यसेवा देणाऱ्यांसाठी समता आणि समावेशन या विषयावरील दोन दिवसांचे प्रशिक्षण गेल्या महिन्यात वाशी येथे झाले. मी कळव्यातील एका समुपदेशन केंद्रात काम करते आणि केंद्राच्या खर्चाने त्यात सहभागी झाले होते. शुल्क प्रत्येकी 3,500 रुपये होते आणि दोन वेळचे जेवण व एक पुस्तिका त्यात धरलेली होती. आम्ही तीस जण होतो. निम्मे शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांतील समुपदेशक, काही वस्तीपातळीवर काम करणारे समाजकार्यकर्ते, दोन मानसोपचार परिचारिका आणि सरकारी रुग्णालयातील किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमधील एक समुपदेशक. आयोजक संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या तिच्या एकटीच्या नाहीत. या विषयावरची यापूर्वीची दोन प्रशिक्षणेही जवळपास याच जागी अडखळलेली मी पाहिली आहेत.

पहिल्या दिवसाची सकाळ जवळजवळ वाया गेली. कुंपणापलीकडचा बेसबॉलचा सामना पाहण्यासाठी खोक्यांवर उभी राहिलेली तीन मुले, हे सर्वपरिचित चित्र पडद्यावर आले आणि समान वागणूक व समन्याय (म्हणजे ज्याची जितकी गरज तितकी मदत) यांतील फरक त्यावरून अर्धा तास समजावला गेला. नेरुळच्या स्टेडियमबाहेर क्रिकेटसाठी ताटकळणारी पोरे हाकेच्या अंतरावर असताना बेसबॉल कशाला, हा प्रश्न मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच विचारलाच. त्यानंतर 2015–16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाची आकडेवारी दाखवण्यात आली. 13 ते 17 या वयोगटात 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले, ही त्यातील नोंद महत्त्वाची आहेच. परंतु ते सर्वेक्षण ज्या 12 राज्यांत झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता, हे सांगितले गेले नाही आणि समोरचे बहुतेक जण तो आकडा आपल्याच जिल्ह्याचा समजून वहीत उतरवून घेत होते. प्रशिक्षकांना हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. घाई होती, एवढेच.

दुपारपासून मात्र प्रशिक्षणाने पकड घेतली. प्रत्येकाने आपापल्या केंद्रातील पहिल्या भेटीचा नोंदणी फॉर्म सोबत आणावा, असे आधीच कळवण्यात आले होते. ते तीस फॉर्म भिंतीवर लावले गेले आणि एकोणीस वर्षांची व्यक्ती तो भरताना कुठे थांबेल, तिथे लाल ठिपका लावायला सांगण्यात आले. आमच्या केंद्राच्या फॉर्मवर सात ठिपके पडले. वडिलांचे नाव आणि व्यवसाय हा रकाना आईजवळ किंवा आजीजवळ वाढलेल्या मुलाला पहिल्याच ओळीत अडवतो. स्त्री आणि पुरुष यांपलीकडे तिसरी जागा नाही. जातीचा रकाना कुणी, कधी आणि कशासाठी घातला, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही. तो भरून घेतलेला कागद पुढे कुठे जातो हेही फॉर्मवर लिहिलेले नाही. ‘यापूर्वी मनोरुग्णालयात उपचार घेतले आहेत काय?’ हा प्रश्न तर आम्ही ठाण्यात विचारतो, ज्या शहराचे नावच उभ्या महाराष्ट्रात ‘याला ठाण्याला पाठवा’ या थट्टेत वापरले जाते. 1901 साली सुरू झालेल्या इथल्या मनोरुग्णालयाने किती जणांना बरे करून घरी पाठवले, हे त्या थट्टेत कधीच येत नाही. दारापर्यंत आलेल्या मुलाच्या मनात मात्र ती थट्टा आलेलीच असते.

यानंतरचा सराव माझ्या मते दोन्ही दिवसांतील सर्वांत मोलाचा होता. समुपदेशनाची फक्त पहिली पाच मिनिटे करून दाखवायची आणि एकाने समुपदेशक, तर दुसऱ्याने युवक व्हायचे. आमच्या गटातील एक सहकारी दिघ्यातील आयटीआयचा विद्यार्थी झाला. समुपदेशकाने हसतमुखाने पूर्ण नाव विचारले, आडनाव ऐकून क्षणभर थांबून ‘म्हणजे मूळचे कुठले?’ असे विचारले आणि मग झोपेकडे वळला. वरवर पाहता त्यात आक्षेप घेण्यासारखे काहीच नव्हते. सराव संपल्यावर तो सहकारी म्हणाला, ‘गाव विचारले तेव्हाच मी ठरवले, की आता झोप येत नाही एवढेच सांगायचे.’ आडनावावरून गाव आणि गावावरून बाकीचे सारे ओळखण्याची आपली सवय इतकी जुनी आहे, की ती चौकशी वाटत नाही, आपुलकी वाटते. दुसऱ्या गटात मुस्लिमबहुल मुंब्र्याच्या मुलीचा प्रसंग होता. नीट परीक्षेच्या धास्तीने जिची छाती धडधडते, तिला समुपदेशिकेने पहिल्या मिनिटातच घरचे बाहेर जाऊ देतात का, असे विचारले. प्रशिक्षकांनी इथे कुणालाही फैलावर घेतले नाही. तोच प्रसंग पुन्हा करायला लावला आणि या वेळी पहिला प्रश्न मुलीने स्वतः सांगितलेल्या गोष्टीवरच असावा, एवढे एकच बंधन घातले. फरक सगळ्यांना दिसला.

प्रशिक्षक बाहेरून आलेले असल्यामुळे एक विषय त्यांच्या टिपणांत नव्हता आणि तो सहभागींनीच आणला. 1970 मध्ये सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाल्यावर नवी मुंबई या नव्या शहरासाठी ज्या 95 गावांच्या जमिनी गेल्या, तिथल्या आगरी-कोळी घरांतील तरुणांकडे सेवा देणारे कसे पाहतात, हा तो विषय. ‘पैसा आहे, गाडी आहे, याला कसला ताण?’ हे वाक्य मी स्वतः बैठकांत ऐकले आहे. घणसोलीत काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याने शांतपणे सांगितले, की गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून भाऊबंदकी पेटलेल्या घरात वाढणे म्हणजे काय, हे त्या गाडीकडे पाहून कळत नाही. ज्यांच्या आजोबांच्या पिढीने 1984 च्या जानेवारीत उरणजवळच्या जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच माणसे पोलिसांच्या गोळीबारात गमावली, त्या घरात शासकीय फॉर्मवर सही करताना हात आखडतो तो उगाच नव्हे. घरच्या आगरी बोलीत ‘मना’ म्हणणाऱ्या मुलाने आमच्यासमोर बसल्यावर ‘मला’ म्हणायचे कष्ट का घ्यावेत, हा त्याचाच पुढचा प्रश्न. प्रशिक्षकांनी आपला पुढचा भाग बाजूला ठेवून ही चर्चा चाळीस मिनिटे चालू दिली, याबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत.

दुसऱ्या दिवसाची सुरुवात मात्र अशी झाली, की तिच्याबद्दल तक्रार केल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. सगळ्यांना एका रेषेत उभे केले गेले. ‘तुमच्या घरात लहानपणी पुस्तकांचे कपाट असेल तर एक पाऊल पुढे या’, ‘आडनावामुळे घर भाड्याने मिळाले नसेल तर एक पाऊल मागे जा’, अशी वाक्ये वाचली गेली. खेळ संपला तेव्हा बरेच जण खिडकीजवळ पुढे होते आणि येऊरच्या आदिवासी पाड्यावर वाढलेली एक तरुण सहकारी भिंतीला टेकून एकटी उभी होती. पुढे उभ्या असलेल्यांनी वळून तिच्याकडे पाहावे आणि मनात काय आले ते सांगावे, असे सांगण्यात आले. पुढच्यांना त्यातून शिकायला मिळाले असेलही. तिला त्यातून काय मिळाले? तिने आयुष्यभर जाणलेली गोष्टच तिला परक्यांच्या खोलीत उभे करून दाखवली गेली. जे प्रशिक्षण आदल्या दिवशी फॉर्ममधला अनावश्यक रकाना खोडायला शिकवत होते, त्यानेच तिच्याकडून तो रकाना भर सभागृहात भरून घेतला. चहाच्या वेळी आम्ही तिघींनी हे प्रशिक्षकांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पुढील वेळी काल्पनिक व्यक्तींची कार्डे वाटून हा खेळ घेऊ, असे सांगितले. तसे केल्याने हेतू साधतो आणि कुणाचे घर उघडे पडत नाही, हे त्यांना आधीच सुचायला हवे होते.

कायद्याचे सत्र अर्धे उत्तम होते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 18 प्रमाणे लिंग, लैंगिक कल, धर्म, संस्कृती, जात, वर्ग, अपंगत्व अशा कोणत्याही कारणावरून भेदभाव न होता सेवा मिळणे हा हक्क आहे, हे मूळ वाक्यरचनेसह वाचून दाखवले गेले. मुलगा समलिंगी आहे म्हणून त्याला ‘सुधारून द्या’ असा आग्रह धरणाऱ्या पालकांचे काय करायचे, या प्रश्नालाही आडवळण न घेता उत्तर मिळाले : हा आजार नाही, त्यामुळे उपचारही नाही, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच असे तथाकथित उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. तो आयोग डॉक्टरांचा आहे, आमच्यासारख्या समुपदेशकांची नोंदणी त्याच्याकडे नसते, ही दुरुस्ती एका परिचारिकेने केली ती रास्तच होती. परंतु अठरा वर्षांखालील मुलामुलींचा प्रश्न आला आणि सत्र ढेपाळले. सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या प्रियकराबद्दल विश्वासाने सांगितले, तर बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आणि तिला दिलेला गोपनीयतेचा शब्द यांचे काय करायचे, हा आमच्या रोजच्या कामातला सर्वांत अवघड पेच. त्याला शेवटची दहा मिनिटे मिळाली आणि ‘आपल्या वरिष्ठांशी बोला’ असे उत्तर. माझ्या केंद्रात वरिष्ठ मीच आहे.

सभागृहात लिफ्ट होती, पण लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठी तीन पायऱ्या होत्या आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या सहभागी दोन्ही दिवस चौघांच्या हातांवरून आत आल्या. पुस्तिका इंग्रजीत होती. मराठी पुरवणीत समता, समानता आणि समन्याय हे तीन शब्द एकमेकांच्या जागी फिरत होते. जेवण चांगले होते.

वेळापत्रकाची चर्चा छोटी झाली, पण आमच्या केंद्रात तीच सर्वांत आधी उतरली. आम्ही सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत उघडे असतो. तुर्भ्याच्या भाजी बाजारात पहाटेपूर्वी माल उतरवणारा, दुपारी महाविद्यालयात बसणारा आणि संध्याकाळी डिलिव्हरीच्या गाडीवर असणारा मुलगा त्यात बसत नाही. फोनवर बोलू म्हटले, तर दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांमध्ये एक मोबाइल. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास आणि मराठीतही चालतो, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. पण तो लावायला एकांत कुठून आणायचा, हे सांगत नाही. प्रशिक्षणानंतर आम्ही मंगळवारी केंद्र रात्री साडेआठपर्यंत उघडे ठेवू लागलो आणि फॉर्ममधले चार रकाने काढून टाकले. पहिल्या दोन मंगळवारी कुणीही आले नाही. तिसऱ्या मंगळवारी दोघे आले. त्यातला एक अर्धा तास फक्त पंख्याखाली बसून गेला आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा आला.

तीन महिन्यांनी दीड तासाचे ऑनलाइन पाठपुरावा सत्र आहे, तेही कामाच्या दिवशी सकाळी अकराला. ते संध्याकाळी घ्यावे, असे मी आयोजकांना लिहिले आहे. पुढची तुकडी ठाण्यात होणार असून तिच्यासाठी मी दोन सहकाऱ्यांची नावे दिली आहेत. आपला फॉर्म न विसरता सोबत न्या आणि रेषेचा खेळ आला तर सरळ खाली बसा, एवढे त्यांना सांगून ठेवले आहे.