छतावर सोलर बसवून वर्ष होत आलं, कोल्हापुरातला अनुभव

आमच्याकडं ३ किलोवॉटची ऑनग्रिड, म्हणजे बॅटरी नसलेली आणि थेट विजेच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेली सिस्टीम आहे, ५४० वॉटचे ६ पॅनल, तोंड दक्षिणेला. पीएम सूर्यघर योजनेतनं घेतली, ३ किलोवॉटला ७८,००० सबसिडी, ती थेट खात्यावर आली. पण आधी सगळे पैसे आपणच भरायचे असतात, हे एजंट लोक जरा हळू आवाजात सांगतात बघा. पॅनल बसवायला दोन दिवस लागले, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागेपर्यंत मात्र हेलपाटे घालून जीव गेला.

आता युनिटचं बोलू. कागदावर १ किलोवॉटला दिवसाला ४ युनिट धरतात, म्हणजे आमचे १२. फेब्रुवारी-मार्चला १३-१४ पण निघतात, एप्रिल-मेला ऊन जास्त म्हणून जास्त वीज असं वाटेल पण तसं होत नाही, पॅनल तापला की त्याची ताकद कमीच होते, त्याला ऊन पाहिजे पण गरमी नको. आणि जुलै-ऑगस्ट? अहो कोल्हापूरचा पाऊस, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा ४-५ युनिट आले तरी खूश व्हायचं. उन्हाळ्यात ग्रिडला दिलेले जादा युनिट पावसाळ्यात वळते होतात म्हणून बरं, पण हिशोब मार्चअखेर मिटतो, मग एप्रिल-मेला किती साठतंय त्यावर पावसाळ्याचं गणित. बिल शून्य येतं म्हणणाऱ्यांनी स्थिर आकाराची ओळ वाचलेली नसते. तरी आमचं बिल आता किरकोळच येतं, कारण १०० युनिटच्या पुढं दर एकदम चढतो आणि आम्ही त्या टप्प्यातनं खालीच आलो.

इथला खरा शत्रू पावसाळा नाही, गळीत हंगाम. कारखान्याची चिमणी चालू झाली की छतावर काळी काजळी पडते, आधी वाळत घातलेल्या कपड्यांवरनं कळायचं, आता ॲपमधल्या आकड्यावरनं कळतं. आठवड्याला एकदा सकाळी लवकर मऊ फडक्यानं पुसायचं, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, काच तडकू शकते. नळाच्या पाण्याचे डाग पडतात, ते पण वाळायच्या आत पुसायचे.

दुसरं, वीज गेली की हे पण बंद! भर उन्हात छतावर पॅनल चमकतायत आणि घरात पंखा नाही. शेजारचे काका हसतात. पण कारण बरोबर आहे, लाइनमन पोलवर काम करत असताना आपल्या घरातनं करंट गेला तर काय? वीज गेल्यावरही पंखा चालायला पाहिजे तर बॅटरीवाली हायब्रीड सिस्टीम घ्या, पण तिचा खर्च वेगळा.

देशातली सोलरची क्षमता २०१४ ला जेमतेम ३ गिगावॉटच्या आत होती (१ गिगावॉट म्हणजे १० लाख किलोवॉट), जानेवारी २०२५ ला १०० च्या वर गेली. पॅनल स्वस्त झाले हे त्याचं मोठं कारण, सबसिडी नंतर. माझं मत विचाराल तर पुढचा घोळ पॅनलचा नाहीच, दुपारी वीज ओसंडून वाहणार आणि संध्याकाळी ७ ला सगळ्यांचे टीव्ही, मिक्सर, गिझर एकदम चालू, तेव्हा सूर्य कुठाय? राजस्थानात दुपारी काही सोलर प्लांटची वीज लाइनवर घ्यायला जागाच नसते म्हणून थांबवावी लागते. बॅटरी स्वस्त झाली तरच पुढचा टप्पा. नाहीतर दुपारचीच वीज दुपारीच वापरायची, आणि ते आपल्याकडं शेतीत जमतंय, सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूच दिवसा पंपाला वीज द्यायचा आहे. गावाकडं उसाला रात्री पाणी द्यायला हातात टॉर्च घेऊन जाणारा माणूस, पायाखाली साप, बांधावर गवा, हे ज्यानं बघितलंय त्याला याची किंमत सांगायला नको.

घेणाऱ्यांसाठी: महिन्याला १०० युनिटच्या आतलं घर असेल तर घाई करू नका, पैसे वसूल व्हायला फार वर्षं जातील. पाण्याच्या टाकीची, नारळाची सावली हिवाळ्यात कुठं पडते ते आधी बघा, एका पॅनलवर सावली पडली की अख्ख्या ओळीचं उत्पादन मार खातं. आणि स्ट्रक्चर, म्हणजे पॅनलखालचा सांगाडा, जाड पाइपचं मागा, वळवाच्या वाऱ्यात पातळ पत्ती नाचते. इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा डबा) वॉरंटी पॅनलपेक्षा बरीच कमी असते, त्याचं कार्ड जपून ठेवा.