गल्ल्या पायी बघायच्या आहेत: पणजीचं फोंतेन्हास की रेवदंडा?

दोन्हीकडे पोर्तुगिजांच्या खुणा आहेत, म्हणून लोक ही दोन नावं एका दमात घेतात. प्रत्यक्षात फोंतेन्हासला राहती घरं बघायची असतात, तर रेवदंड्याला किल्ल्याचा तट. काय बघायचं ते आधी ठरवा.

फोंतेन्हास लहान आहे. एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसरीकडे ओरेंची खाडी आणि मधल्या पट्ट्यात पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं. कदंबा बस स्टँडवर उतरून खाडीवरचा पूल ओलांडला की चालतच पोचता येतं. रेल्वेने येणार असाल तर करमळी जवळचं. गाडी खाडीकाठच्या रस्त्यालाच लावा. आत घातलीत तर वळवायला जागा मिळत नाही. टेकडी पश्चिमेला असल्यामुळे दुपार कलली की गल्लीत सावली येते आणि रंग मंदावतात, म्हणून सकाळीच जा. घरं पावसाळ्यानंतर रंगवायची जुनी रीत आहे, त्यामुळे दिवाळीनंतर ती जास्त खुलतात. सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधला क्रूस आवर्जून बघा. तो पूर्वी इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता, आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत.

डिसेंबर अखेरीस मात्र टाळा. लोक फोटोसाठी कुणाच्याही पायरीवर चढून बसतात आणि आतल्या माणसांना दार उघडणं मुश्कील होतं. पायरी हा घराचाच भाग आहे, विचारल्याशिवाय तिथे बसू नये.

रेवदंडा अलिबागपासून सतराएक किलोमीटरवर, एसटीने सहज. गाडीरस्ता तट ओलांडूनच गावात शिरतो, म्हणजे गाव किल्ल्याच्या पोटातच वसलंय. आळ्या, नारळी-पोफळीच्या वाड्या, दगडी गडगे, आणि मधेच एखादी छप्पर उडालेली चर्चची भिंत. १७४० मध्ये हे ठाणं मराठ्यांकडे आलं. सातखणी मनोऱ्याचे वरचे मजले ढासळलेत, त्यावर चढू नका. बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, बेथ एल सिनेगॉग हे प्रार्थनास्थळही गावातच आहे.

समुद्राकडून तट बघायचा तर ओहोटी हवी. कोळ्यांचा हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची संध्याकाळ उत्तम, पाणी खूप आत जातं. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी येते आणि पाणी फारसं हटतही नाही. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ धरतं, पाय घसरतो; शिवाय मुंबईहून येणाऱ्या गेटवे-मांडवा लाँचही बंद असतात.

सोबत म्हातारी माणसं असतील किंवा पावसाळ्याचे दिवस असतील तर फोंतेन्हास. मुंबईहून एका दिवसात परतायचं असेल, पायात दम असेल, तर रेवदंडाच. त्याला लोक फार कमी वेळ देतात. तिथे किमान अर्धा दिवस ठेवा, आणि पाणी बरोबर घ्या.