कुरवपूरला जाताय? लाँचचं टोकन, खोली, अभिषेक म्हणून फोनवर कुणी पैसे मागितले तर देऊ नका

मार्गशीर्ष लागला की आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातनं नृसिंहवाडी, गाणगापूर, कुरवपूर या दत्ताच्या ठिकाणांना गाड्या निघतात, दत्तजयंतीपर्यंत तर विचारूच नका. म्हणून हे आत्ताच लिहालोय. आमच्या काकांना ज्यानं लुबाडलं तो नंबर अजून चालू आहे आणि ग्रुपग्रुपवर फिरालाय.

काकांना तो मिळाला दत्तभक्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच. डीपीला श्रीपाद श्रीवल्लभ महाराजांचा, म्हणजे ज्या दत्तावताराचं कुरवपूर हे स्थान त्यांचाच, फोटो, नाव 'कुरवपूर सेवेकरी', आणि फोन उचलला की पहिलं "श्री गुरुदेव दत्त". मग बोलणं एकदम गोड. कुरवपूर म्हणजे रायचूर जिल्ह्यात कृष्णेच्या पात्रातलं बेट, आतकूरच्या बाजूनं गेलं की होडीतनं पलीकडं जायचं, आणि त्यानं नेमकी तीच दुखरी नस धरली. "गर्दी आहे काका, टोकन नसलं तर काठावर बसून राहाल, तुमच्यात म्हातारी माणसं आहेत." आमच्या आत्याचे गुडघे गेलेत, तिला कुरवपूरला नेऊन आणायचं हे काकांच्या मनात कधीपासनं होतं. त्यांनी भरले. अकरा माणसांचं लाँच टोकन दीडशेप्रमाणे 1,650, तीन घरांचे अभिषेक 3,300, अंघोळ-कपड्याला दोन खोल्या 3,600. वर 5,000 डिपॉझिट, परत मिळणार म्हणून. एकूण 13,550.

रात्री ट्रॅक्सनं निघालो, बागलकोट, लिंगसुगूर, रायचूर करत सकाळी काठावर पोचलो. थंडी मरणाची, नदीवर धुकं, पलीकडचं बेट दिसतच नव्हतं, आत्याला दोन शाली गुंडाळून बसवलेलं. काकांनी नावाड्याला मोबाईलवरचं टोकन दाखवलं. त्यानं फोन हातात घेऊन बघितलं, परत दिला आणि म्हणाला, "नमगेन बंदिल्ल री." आमच्याकडं काही आलेलं नाही, इथं माणशी रोख द्यायचे आणि बसायचं, टोकन-बिकन काही नसतं. चिडला नाही बिचारा, उलट आत्याला हात धरून त्यानंच होडीत बसवलं. असे टोकन घेऊन येणारे आम्ही पहिले नव्हे म्हणाला, हे ऐकून तर जास्तच राग आला.

देवळात पण तेच. गुरुजींनी पावती बघितली आणि सांगितलं ही आमची नव्हे. मी मग ती मोठी करून नीट बघितली तर 'श्रीपाद'च्या जागी 'श्रीपद' छापलेलं, शिक्का गोल पण आतली अक्षरं वाचताच येत नाहीत, आणि पैसे गेल्याच्या मेसेजमध्ये संस्थानचं नाव कुठंच नाही, कुठल्या तरी मोबाईल शॉपचं नाव. तिथं रीतसर पावती फाडून अभिषेक झाला, दर्शन झालं. दत्तसंप्रदायातले संत टेंबे स्वामी यांनी 1911 साली इथंच चातुर्मास केला आणि घोरकष्टोद्धरण स्तोत्र इथंच रचलं, त्यांच्या गुहेपाशी आत्या ते स्तोत्र म्हणत बसली. खरं काकांचं मन कशातच नव्हतं. माणूस गप्प गप्प. एवढ्या वर्षांची इच्छा आणि त्या दिवशीच असं तोंड करून बसायला लावलं त्या चोरानं, पैशापेक्षा याचंच मला जास्त लागलं.

गुरुचरित्राच्या दहाव्या अध्यायात वल्लभेश ब्राह्मणाची कथा आहे बघा, नवस फेडायला कुरवपूरला निघालेला, वाटेत चोर भेटतात आणि सांगतात आम्ही पण दरवर्षी तिकडंच जातो. विश्वास बसला की घात. हा पण काकांना हेच म्हणाला होता, मी दर पौर्णिमेला तिथंच असतो. भक्ताचा भक्तावर चटकन विश्वास बसतो हे त्याला पक्कं माहीत आहे.

एवढ्यावर थांबला नाही तो. परत येताना काकांनी जाब विचारला तर म्हणे सॉरी काका, सिस्टीमचा घोळ झाला, सगळे रिफंड करतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. बहिणीनं तिथल्या तिथं फोन काढून घेतला. घरातल्या मोठ्या माणसांना हे आजच सांगून ठेवा, पैसे यायला पिन कधीच लागत नाही, असा क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच.

आम्ही गाडीतनंच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, घरी आल्यावर सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर स्क्रीनशॉट, यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक), चॅट सगळं टाकलं, बँकेत लेखी दिलं. 1930 ला जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आधी अडवता येतात. आमचे बरेचसे त्यानं तोवर काढले होते, थोडे समोरच्या खात्यात होल्डवर आहेत, कधी मिळतील बघू. चॅट मात्र कुणी डिलीट करू नका, राग आला तरी ब्लॉक करायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या.

परवा निपाणीच्या एका पाहुण्यांनी तोच क्यूआर पाठवला, या वेळी गाणगापूरच्या खोल्यांसाठी, डीपी बदललेला, मोबाईल शॉपचं नाव तेच. त्यांनी अजून भरले नव्हते. तुमच्या ग्रुपवर असला काही मेसेज आला असेल तर अ‍ॅडमिनला सांगून काढायला लावा, आणि ज्यांनी भरलेत त्यांनी रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका, तक्रार टाका.