डिले, पिच, लूपर: एकच पेडल घ्यावं की तीन वेगळी?

ट्यूनर झाला, आवाजाला धार देणारा ओव्हरड्राइव्ह झाला, की गिटार वाजवणाऱ्याचं मन पुढच्या तीन गोष्टींकडे ओढ घेतं. वाजवलेला सूर मागाहून पुन्हा ऐकवणारा डिले, सूर वर-खाली नेणारा पिच शिफ्टर आणि वाजवलेलं आवर्तन धरून ठेवणारा लूपर. मग दोन वाटा समोर येतात: तिन्ही कामं करणारा, पायाने दाबायचा एकच डबा, म्हणजे पेडल, घ्यायचा, किंवा तीन कामांना तीन पेडल्स. मी दोन्ही प्रकारे बरीच वर्षं वाजवलं आहे, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. डब्यावर किती आवाज लिहिलेत ते मोजत बसू नका. ते पेडल गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंतच्या तुमच्या साखळीत कुठे बसणार आणि वाजवताना तुमचा पाय कुठे पडणार, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निवड जवळजवळ झालेलीच असते.

ही तिन्ही कामं एका डब्यात येतात यात नवल नाही. डिजिटल पेडलच्या पोटात एकच युक्ती आहे. येणारा आवाज आकड्यांच्या रूपात साठवायचा. साठवलेलं थोड्या उशिराने वाचलं की डिले, वेगळ्या वेगाने वाचलं की सूर बदलतो, पुन्हा पुन्हा वाचलं की लूप. १९७५ साली आलेल्या इव्हेंटाइडच्या एच९१० मध्ये पिच आणि डिले दोन्ही होते. बॉसने १९८७ मध्ये पीएस-२ काढलं, त्या छोट्या पेडलवरसुद्धा पिच शिफ्टर आणि डिले शेजारी शेजारी नांदत होते. १९९९ चं लाइन ६ चं हिरवं डीएल४ तर मुळात डिलेचं पेडल, पण त्यातल्या १४ सेकंदांच्या लूपरनेच त्याला नाव मिळवून दिलं. त्याही आधी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवून एकाची टेप दुसऱ्यात नेत होते. पहिल्यावर रेकॉर्ड झालेलं काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजायचं आणि परत पहिल्याकडे यायचं. तो डिले म्हणायचा की लूप? दोन्ही.

साखळीतली जागा

गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंतचा क्रम म्हणजे नुसती रीत नाही, त्यामागे कारणं आहेत. ऑक्टेव्ह (मूळ सुराला एक सप्तक वरची किंवा खालची जोड देणारं पेडल) किंवा पिच शिफ्टरला स्वच्छ सूर लागतो. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम, प्रत्येक सुरावर उपस्वरांचा थर चढवतं, दोन सूर एकत्र असतील तर आणखीच. त्याच्यानंतर पिच शिफ्टर लावला की मूळ सूर कोणता हे ओळखताना तो चाचपडतो आणि खालचा ऑक्टेव्ह अडखळत, गुरगुरत येतो. म्हणून पिच गिटारच्या जवळ.

डिलेचं बरोबर उलट. डिले डिस्टॉर्शनच्या आधी ठेवला, तर मूळ सूर आणि त्याचे प्रतिध्वनी एकत्रच डिस्टॉर्शनमध्ये शिरतात. प्रतिध्वनींनी हळूहळू विरत जायचं असतं, पण इथे तेही जवळजवळ तितकेच ठळक होतात आणि सगळ्याचा गाळ होतो. डिले डिस्टॉर्शननंतर हवा. अ‍ॅम्पचंच डिस्टॉर्शन वापरत असाल तर तो अ‍ॅम्पच्या सेंड-रिटर्नमध्ये, म्हणजे अ‍ॅम्पच्या डिस्टॉर्शननंतर पेडल जोडण्याच्या जागी, जोडायला हवा.

लूपर सगळ्यांच्या शेवटी. तो शेवटी असेल तर स्वच्छ आवाजात ताल भरून ठेवायचा आणि त्यावर डिस्टॉर्शन लावून मनासारखं वाजवायचं, असं जमतं. तो डिस्टॉर्शनच्या आधी असेल तर तुम्ही डिस्टॉर्शन चालू करताच मागे वाजत असलेलं आवर्तनही फाटतं. शेवटच्या जागेचा एक तोटाही आहे: भरलेल्या आवर्तनाचा आवाज नंतर बदलता येत नाही, जसा भरला तसाच राहतो. मला तो तोटा चालतो.

म्हणजे तीन कामांना तीन वेगळ्या जागा लागतात, आणि एकत्र पेडल बसतं एकाच जागी. ते पुढे, गिटारजवळ ठेवलं तर डिले आणि लूपर अवघडतात, मागे ठेवलं तर पिच अवघडतो. सगळी गोम इथे आहे. तुम्ही डिस्टॉर्शन वापरतच नसाल, अ‍ॅकूस्टिक किंवा अगदी स्वच्छ इलेक्ट्रिक आवाजात वाजवत असाल, तर ही अडचण तुम्हाला शिवतही नाही आणि एकत्र पेडल खुशाल घ्यावं. डिस्टॉर्शन हा तुमच्या वाजवण्याचा कणा असेल, तर निदान पिच तरी वेगळा घ्या.

एक अपवाद सांगायलाच हवा. दोन गिटारवादक एकमेकांना धरून वाजवताहेत असा परिणाम हवा असेल तर हार्मोनी (मूळ सुरासोबत वाजणारा दुसरा जुळता सूर) डिस्टॉर्शननंतरच हवी. आधी लावली तर दोन्ही सूर एकाच डिस्टॉर्शनमध्ये घासले जातात आणि दोन वादक ऐकू येत नाहीत.

दुसरी खबरदारी: तीन कामं करणारं पेडल आणि तीन कामं एकाच वेळी करणारं पेडल यांत फार अंतर आहे. इव्हेंटाइडच्या एच९ मध्ये डिले, पिच आणि लूपर सगळं मिळतं, आवाज अप्रतिम आहे, पण एका वेळी एकच. २०२२ च्या एच९० मध्ये दोन एकत्र चालतात आणि त्यातला एक अ‍ॅम्पच्या आधी, दुसरा सेंड-रिटर्नमध्ये अशी विभागणीही करता येते. जागेचा प्रश्न एकाच डब्यात सोडवायचा तो असा. पण तो डबा समजून घ्यायला वेळ लागतो. तेवढी बैठक तुमची असेल तरच त्याच्या वाटेला जा.

पाय कुठे पडतो

लूपर हे हाताइतकंच पायाचं वाद्य आहे. आवर्तन भरताना पाय समेवर पडला पाहिजे. पहिल्या समेवर पाय, रेकॉर्डिंग सुरू. चार मात्रा वाजवायच्या आणि पुढच्या समेवर पुन्हा पाय, लूप बंद. नवखा वादक इथेच चुकतो. तो सम हाताने वाजवतो आणि मग पाय हलवतो. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे चार मात्रांचं आवर्तन २ सेकंदांचं. पाय २० मिलिसेकंद उशिरा पडला तर ते २.०२ सेकंदांचं होतं. एकट्याने वाजवताना कुणाच्या लक्षातही येणार नाही. सोबत ड्रम मशीन असेल तर मात्र हे २० मिलिसेकंद दर फेरीला साचत जातात. २५ फेऱ्या झाल्या, म्हणजे जेमतेम ५० सेकंद, की तुम्ही पूर्ण एक मात्रा मागे.

इथे एकत्र पेडलचं पारडं जड होऊ शकतं. काही पेडल्समध्ये डिले आणि लूपर एकाच घड्याळावर चालतात, किंवा बाहेरून मिडीने (संगीताची उपकरणं एकमेकांना इशारे देतात त्या पद्धतीने) मिळणारी लय धरून लूपची लांबी आपणच जुळवून घेतात. वेगळ्या साध्या लूपरला डिलेचा पत्ता नसतो आणि डिलेला लूपरचा. तुम्ही ड्रम मशीन किंवा कॉम्प्युटरबरोबर वाजवत असाल तर ही सोय आहे का, एवढं नक्की विचारा. नुसतं स्वतःच्या लयीत वाजवत असाल तर तिच्यावाचून काही अडत नाही.

पारडं दुसऱ्या बाजूला झुकतं ते एका स्विचला दोन-तीन कामं असतात म्हणून. माझ्यावर एकदा हा प्रसंग आला. एकत्र पेडल होतं, आम्ही लोकांसमोर वाजवत होतो, मागे आवर्तन चालू होतं. गाणं किंचित पुढे सरकलं म्हणून डिलेची लय नव्याने द्यायला मी चार वेळा पाय मारला. पेडल लूपच्या मोडमध्ये होतं. तो स्विच त्या घडीला टॅप टेम्पोचा, म्हणजे पायाने लय देण्याचा, नव्हता. आवर्तनावर ओव्हरडब, म्हणजे नवा थर, चढला, मग लूप थांबला, मग पहिल्यापासून वाजू लागला. गायिका अंतऱ्याच्या मधोमध होती. ती न थांबता गात राहिली, म्हणून निभावलं. त्या दिवसापासून माझा लूपर वेगळा आहे.

वेगळ्या लूपरमध्येही स्विच मोजून घ्या. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या डिट्टोवर एकच स्विच आणि एकच नॉब आहे, ५ मिनिटांपर्यंत भरता येतं, सरावाला त्याच्यासारखं सोपं काही नाही. पण थांबवायचं असेल तर लागोपाठ दोनदा दाबावं लागतं, म्हणजे शेवटच्या समेवर लूप तोडायचा तर मनातल्या मनात एक पाऊल आधीच निघावं लागतं. ज्याला नेमक्या क्षणी थांबायचंय त्याने थांबवण्यासाठी स्वतंत्र स्विच असलेला लूपर घ्यावा. लांबीच्या आकड्यांचा मोह धरू नका. जुन्या डीएल४ च्या १४ सेकंदांत लोकांनी पूर्ण मैफली उभ्या केल्या. २०२२ च्या नव्या आवृत्तीत २४० सेकंद मिळतात, पण एक आवर्तन तेवढं लांब क्वचितच असतं. मात्र जुन्या डीएल४ मधला अर्ध्या वेगाचा स्विच सोन्यासारखा: दाबला की आवर्तन निम्म्या लयीत आणि एक सप्तक खाली वाजतं. पिच, वेळ आणि लूप एका पायाखाली. हे ज्याला हवंय त्याला तीन वेगळी पेडल्स घेऊन सहज मिळणार नाही.

पिचच्या बाबतीत चोखंदळ व्हा

एकत्र पेडलमध्ये सगळ्यात आधी काटकसर होते ती पिचमध्ये, कारण हे काम तिन्हींत अवघड आहे. गिटारच्या सहाव्या मोकळ्या तारेचा सूर सुमारे ८२ हर्ट्झचा, म्हणजे त्याचं एक आंदोलन पूर्ण व्हायला १२ मिलिसेकंद लागतात. सूर कोणता हे ओळखायचं तर पेडलला निदान एवढं ऐकावंच लागतं. १२ मिलिसेकंदांत आवाज चार मीटर जातो. अ‍ॅम्प चार पावलं लांब उभा आहे असं हाताला वाटतं. वरच्या तारांवर हे जाणवत नाही, खालच्या तारांवर जलद वाजवताना जाणवतं.

एक सूर की अनेक, हा दुसरा प्रश्न. बॉसचं १९८२ चं ओसी-२ एका वेळी एकाच सुराचा ऑक्टेव्ह देतं, कॉर्ड (एकत्र वाजणारे अनेक सूर) वाजवली की भांबावतं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या पॉगला कॉर्ड चालते. पाय दाबून सूर ओढायचा, मींड घ्यावी तसा, तर १९८९ पासून चालत आलेलं डिजिटेकचं व्हॅमी आहे. त्याचा खरा जीव त्या पायाखालच्या पट्टीत आहे. त्यामुळे नुसत्या नॉबवर पिच देणारं एकत्र पेडल त्याची जागा घेऊ शकत नाही.

हार्मोनी हवी असेल तर पेडल पट्टीतल्या सुरांमधली अंतरं ओळखतं का ते पाहा. 'सा'वर शुद्ध 'ग' चार अर्धस्वरांवर, पण 'रे'वर 'म' तीनच अर्धस्वरांवर असतो. ठरावीक चार अर्धस्वर चढवणारं पेडल 'सा'वर गोड लागेल आणि 'रे'वर तीव्र मध्यम देऊन बसेल. ज्या पेडलमध्ये पट्टी आधी सांगता येते तेच या कामाचं.

डिलेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे फसण्याची शक्यता कमी. बॉसचं अ‍ॅनालॉग डीएम-२ (१९८१) ३०० मिलिसेकंदांपर्यंत जायचं, दोनच वर्षांनी आलेलं डिजिटल डीडी-२ ८०० पर्यंत. अ‍ॅनालॉगचे प्रतिध्वनी दरवेळी थोडे मंद, ऊबदार होत जातात. बरेच डिजिटल डिले आता त्याची चांगली नक्कल करतात. टॅप टेम्पो मात्र हवाच, आणि त्यात पाऊण मात्रेची सोय हवी. १२० च्या लयीत ३७५ मिलिसेकंद. अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे साधे सूर वाजवा, प्रतिध्वनी त्यांच्या फटींत बरोबर येऊन बसतात आणि एक हात दोन हातांसारखा वाजतो.

मग कुणी काय घ्यावं

घरी एकट्याने रियाज करत असाल तर आधी साधा वेगळा लूपर. बाकी दोन्ही थांबू शकतात. स्वतःची चूक दहा वेळा ऐकवणारा असा गुरू दुसरा नाही.

बँडमध्ये डिस्टॉर्शनसह वाजवत असाल तर पिच पुढे, डिले मागे, वेगवेगळे. लूपर लागेलच असं नाही.

एकट्याने कार्यक्रम करणारे, स्वच्छ आवाजात थरावर थर चढवणारे, सुरांचे मोठे पडदे उभे करणारे यांनी एकत्र पेडलच घ्यावं, त्यातही अर्धा वेग आणि उलट वाजवणं असलेलं. तुमच्यासाठी तीन कामं मुळात वेगळी नाहीतच.

डिजिटल पेडल्सना करंट जास्त लागतो. तीन पेडल्स एकाच अ‍ॅडॉप्टरच्या माळेत जोडली तर बारीक किणकिण ऐकू येते, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र वाट देणारा पॉवर सप्लाय तिसऱ्या पेडलच्या आधी घ्या.

दुकानात जाल तेव्हा आपलीच गिटार न्या. सहावी तार मोकळी वाजवून पिच किती मागे राहतो ते ऐका. डिले चालू असताना सूर सोडून पेडल बंद करा: प्रतिध्वनी नैसर्गिक विरले तर उत्तम, कात्रीने कापल्यासारखे तुटले तर विचार करा. मग चार मात्रांचं आवर्तन डिलेसकट भरा, ते चालू ठेवा आणि डिलेचा नॉब फिरवा. भरलेल्या आवर्तनातले प्रतिध्वनी बदलले तर त्या डब्याच्या आत लूपर डिलेच्या आधी बसवलेला आहे, जसेच्या तसे राहिले तर नंतर.