व्हिलज्वीफ की ईव्री? पॅरिसमध्ये संप धरून खोली शोधताना

पॅरिस सिते विद्यापीठाच्या ग्राँ मूलाँ कॅम्पसला प्रवेश मिळालेल्यांसमोर खोली शोधताना पॅरिसच्या दक्षिणेच्या या दोन उपनगरांची नावं हमखास येतात. व्हिलज्वीफ म्हणजे 14 नंबरची मेट्रो (7 नंबरही तिथे जाते, पण कॅम्पसजवळ थेट नेते ती 14च). ईव्री म्हणजे 7 नंबर किंवा आरईआर सी ही उपनगरी रेल्वे. मी दोन्हीकडे राहिलोय. भाड्यात मला तरी फारसा फरक दिसला नाही, म्हणून फक्त वाहतुकीच्या संपापुरतं बोलतो.

वरवर पाहता 14 नंबरच सरस. तिला चालकच नाही. 5 डिसेंबर 2019 ला पेन्शनवरून मोठा संप सुरू झाला, तेव्हा बिनचालकाच्या 1 आणि 14 याच लाइनी नेहमीसारख्या धावत होत्या. (आता 4 सुद्धा त्यांच्यात आली.) 2024 मध्ये 14 ऑर्ली विमानतळापर्यंत वाढली, 2025 च्या जानेवारीत व्हिलज्वीफचं गुस्ताव रूसी स्टेशन उघडलं. तिथून कॅम्पसजवळच्या बिब्लियोतेक स्टेशनला थेट जाता येतं. ईव्रीच्या दोन्ही लाइनी मात्र संपात सापडतात.

मला नडलं ते वेगळंच. संपाच्या दिवशी बाकीच्या लाइनींचे लोकही 14 वरच येतात. गाडी येते, दार उघडतं, आत पाय ठेवायला जागा नसते. पुढची गाडीही तशीच. आणि ऍपवर काय, तर वाहतूक सुरळीत! टीडीला, म्हणजे छोट्या गटाच्या तासाला, हजेरी सक्तीची. 7 नंबरने येणारा मित्र उशिराचा दाखला काढून बाईंपुढे ठेवायचा आणि निवांत बसायचा. मी कुठला दाखला आणणार? माझी लाइन तर वेळेवर होती! इतरांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मी खोली बदलली ती यामुळेच.

ईव्रीहून कॅम्पस सायकलच्या टप्प्यात आहे, अगदीच वेळ आली तर चालतही जाता येतं. 2007 च्या कायद्यामुळे संपात उतरणाऱ्या कर्मचाऱ्यांना 48 तास आधी कळवावं लागतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी किती गाड्या धावतील याचा अंदाज आदल्या दिवशीच कळतो. आकडा वाईट दिसला की रात्रीच चाकांत हवा भरून ठेवायची. व्हिलज्वीफहूनही सायकल मारता येते म्हणा, पण ते पठारावर आहे. जाताना मजा, येताना दम निघतो.

ईव्रीत सगळं गोड आहे असं नाही. नोव्हेंबरचा पाऊस आणि पेरिफेरिक हा पॅरिसभोवतीचा रिंगरोड ओलांडतानाची वर्दळ यांची सवय व्हायला वेळ लागतो. ज्यांना सायकल नकोच आहे, किंवा ज्यांचे काही तास मध्य पॅरिसमधल्या इमारतीत होतात, त्यांना व्हिलज्वीफ कदाचित जास्त सोयीचं पडेल. संप काही रोज नसतो, आणि एरवी 14 सारखी मेट्रो नाही.

ईव्रीची खोली बघायला गेलात तर इमारतीत सायकल ठेवायला बंद जागा आहे का, हे आधी विचारा. जुनी सायकल दुकानातूनच घ्या. 2021 पासून दुकानदाराला तिच्यावर ओळख क्रमांक टाकूनच ती विकावी लागते, त्यामुळे चोरीला गेलीच तर सापडण्याची थोडी तरी आशा राहते.