एकटी घुसणारी रिकेट्सिया, टोळीने शिरणारी बार्टोनेला

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकेरी थर असतो, कोटाच्या अस्तरासारखा. गोचिडीच्या चाव्यातून येणारी रिकेट्सिया कोनोरी आणि मांजराच्या ओरखड्यातून येणारी बार्टोनेला हेन्सेले, दोघी जिवाणूच, आणि दोघींचा डोळा याच अस्तरावर. घुसायची रीत मात्र वेगळी.

रिकेट्सियाला घाई. तिच्या अंगावरचं एक प्रथिन पेशीवरच्या केयू-७० या प्रथिनाला चिकटतं आणि पेशी स्वतःच तिला कवेत घेते. काही मिनिटांचा खेळ. आत गेल्यावर ती भोवतालचं वेष्टन फोडते, पेशीच्याच एका प्रथिनाची, म्हणजे अ‍ॅक्टिनची शेपटी मागे लावते आणि शेजारच्या पेशीत मुसंडी मारते. अस्तर झिरपू लागतं. तळहात-तळपायांवरही उठणारं पुरळ त्यातूनच.

बार्टोनेला एकेकटीही शिरते, पण चक्रावून टाकते ती तिची दुसरी वाट. शेकडो जिवाणू पेशीवर गोळा होतात, आपली प्रथिनं आत सोडतात आणि पेशी तो अख्खा गोळा गिळते. याला सुमारे २४ तास लागतात. वर ही बया पेशीला मरूही देत नाही! प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांच्या त्वचेवर तर नव्या रक्तवाहिन्यांच्या लाल गाठी उगवतात.

डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक दोघींवर चालतं. रिकेट्सियाला काही दिवस, गाठींना मात्र महिने. तरी मला भीती जास्त रिकेट्सियाचीच. उशीर झाला तर ती जीव घेऊ शकते.