गिअरबॉक्स न उघडताच घेतलेले ९२ हजार

साताऱ्याहून पुण्याला परतताना खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापाशी वेग कमी केला आणि आमच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे इंजिन एक हिसका देऊन बंद पडले. पुन्हा सुरू झाले, पण पुढे नवले पुलाच्या उतारावर ब्रेक दाबून गाडी थांबवत असताना तेच घडले. स्टिअरिंग एकदम जड झाले आणि मागे ट्रकांची रांग होती. शेजारी बसलेल्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. हीच भीती घेऊन दुसऱ्या दिवशी मी ऑटोमॅटिक गाड्यांची कामे करणाऱ्या एका गॅरेजमध्ये गेलो आणि तिथल्या मालकाने ती भीतीच कामाला लावली.

त्याने गाडी चालवून पाहिली नाही, गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला नाही. गिअर ऑईलची कांडी ओढली, बोटाला लागलेले ऑईल हुंगले आणि म्हणाला, "साहेब, गिअरबॉक्स गेला. पूर्ण खोलावा लागेल." मी तोंडी अंदाजावर ५० हजार आगाऊ दिले. आठव्या दिवशी ट्रेमध्ये काळ्या पडलेल्या क्लच प्लेट दाखवून त्याने उरलेले ४२ हजार घेतले. साध्या कागदावर एका ओळीचे बिल मिळाले: 'गिअरबॉक्स ओव्हरहॉल'.

अकरा दिवस गाडी उत्तम चालली. बाराव्या दिवशी महामार्गावरून उतरताच पुन्हा बंद पडली.

असे का झाले, ते दुसऱ्या मेकॅनिकने समजावले आणि ते प्रत्येक ऑटोमॅटिकवाल्याने समजून घ्यावे असे मला वाटते. आमच्यासारख्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. ताकद ऑईलमधून पुढे जाते, म्हणून चाके थांबली तरी इंजिन फिरत राहते. मात्र वेग वाढल्यावर पेट्रोल वाचावे यासाठी त्यातला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू थेट जोडतो आणि वेग उतरताच त्याने सुटायला हवे. त्याला हुकूम देणारा सॉलेनॉइड (विजेवर चालणारी ऑईलची झडप) अडकला, तर क्लच सुटत नाही आणि साध्या गाडीत क्लच न दाबता ब्रेक मारल्यावर होते तसे इंजिन गुदमरून बंद पडते. घर ते ऑफिस या गर्दीच्या रस्त्यावर हा क्लच जुळण्याइतका वेग मला मिळतच नव्हता, त्यामुळे ते अकरा दिवस दुरुस्तीची पावती नव्हते.

त्याने स्कॅनर लावला, तर पी ०७४२ हा कोड आला, लॉक-अप अडकल्याचा. मग मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात नेऊन थांबण्याच्या क्षणाआधी लिव्हर 'एन'वर (न्यूट्रल) घेतला, तर इंजिन सुरूच राहिले. 'डी'वर (ड्राइव्ह) ठेवला, तेव्हा बंद पडले. 'एन'वरही बंद पडले असते, तर त्याने आधी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) आणि हवेची गळती तपासली असती. ऑईल पॅन उतरवून सॉलेनॉइड, फिल्टर आणि ऑईल बदलण्याचे पक्के बिल झाले ९,६०० रुपये.

गाडी रॅम्पवर असताना त्याने मला खाली बोलावले आणि गिअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या बोल्टांवर टॉर्च धरला. त्यांवर ऑईल आणि मातीचा वाळून घट्ट झालेला थर होता. एकाही डोक्यावर पान्याचा ओरखडा नव्हता. तो गिअरबॉक्स कधी उतरवलाच नव्हता. ट्रेमधल्या प्लेट दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीच्या होत्या.

म्हणून कळकळीने सांगतो, कोणी गिअरबॉक्स खोलायला सांगितला, तर आधी कोडचा फोटो आणि लेखी अंदाजपत्रक मागा, तो उतरवलेला असताना स्वतः जाऊन पाहा आणि जुने भाग परत घेण्याची अट जॉबकार्डवर लिहून घ्या. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे साधारणपणे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मी ती केली आहे. एका ओळीचे ते बिल, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि मातीने माखलेल्या त्या बोल्टांचे फोटो सोबत जोडले आहेत.